न झालेला बारावा आठवडा

श्रीनाथ केळुसकरचा आवाज बसला तो मार्चमध्ये, सेमिस्टरच्या दुसऱ्या आठवड्यात. त्याने फारसं मनावर घेतलं नाही. ऑस्ट्रेलियातली डिसेंबर-फेब्रुवारीची उन्हाळ्याची सुट्टी संपून वर्ग सुरू झाले की दरवर्षीच त्याचा घसा धरायचा. मग मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, हळदीचं दूध आणि खिशात ज्येष्ठमधाचा तुकडा, एवढ्यावर आठ-दहा दिवसांत सगळं सुरळीत व्हायचं. यंदा महिना उलटला तरी झालं नाही.

श्रीनाथ सत्तावन्न वर्षांचा होता. मूळचा चिंचवडचा, आणि गेली एकोणीस वर्षं मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीत राहणारा. शहरातल्या एका विद्यापीठात तो इंग्रजी साहित्याचा अगदी सुरुवातीचा भाग शिकवायचा. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या वीरकाव्यांपासून सुरुवात करायची, मग धर्मकथा, मग गावोगावच्या कारागिरांनी गाड्यांवर उभी केलेली नाटकं, असं करत करत रेनेसाँमधल्या सुनीतांपाशी येऊन थांबायचं. आठशे वर्षं बारा आठवड्यांत बसवायची.

त्यातली सुरुवातीची इंग्रजी आजच्या इंग्रजांनाही समजत नाही. ताम्रपटावरची मराठी समोर ठेवली तर आपली जी गत होईल, तीच त्या मुलांची व्हायची. श्रीनाथ त्यांना पहिल्या दिवशी पुस्तक मिटायला लावायचा. "हे डोळ्यांनी वाचायचं नाहीच आहे," तो म्हणायचा. "हे लिहिणाऱ्यांपेक्षा म्हणणारे जास्त होते. बाहेर बर्फ, आत लाकडाच्या मोठ्या दालनात शेकोटी, बाकांवर दमलेली, प्यायलेली माणसं, आणि एक जण उभा राहून म्हणतोय. तुम्ही त्या बाकांवर आहात." आणि मग तो टेबलावर हाताने ठेका धरून सुरू व्हायचा. एका ओळीत चार ठोके, आणि त्यातले दोन-तीन शब्द एकाच ध्वनीने सुरू होणारे. यमक नाही, काही नाही, नुसता त्या ध्वनीचा मारा. पहिल्या दोन मिनिटांत मुलं एकमेकांकडे बघून हसायची. पाचव्या मिनिटाला वर्गात कुणी हलत नसे.

श्रीनाथचा आवाज मोठा होता, खर्जातला, आणि त्याला तो कसा वापरायचा ते माहीत होतं. त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतं. पुण्यात अकरा वर्षं तो तासिका तत्त्वावर शिकवत राहिला, कायम कधी झाला नाही. मेधाला, त्याच्या बायकोला, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधल्या कामामुळे ऑस्ट्रेलियाचा स्किल्ड व्हिसा मिळाला आणि तिच्या अर्जात 'पती' म्हणून तो आला. पहिली चार वर्षं त्याने ट्रुगनिनाच्या गोदामात खोकी उचलली. ती करता करता पीएचडीला नाव घातलं, पंचेचाळिसाव्या वर्षी ती पुरी केली. पुढे तेच झालं जे पुण्यात झालं होतं: दर सेमिस्टरला नवं कॉन्ट्रॅक्ट, सुट्टीत पगार नाही. हा विषय नऊ वर्षं तो एकट्याने चालवत होता. आणि गेल्या नोव्हेंबरात विभागाकडून ईमेल आला होता की विद्यार्थीसंख्या पाहता हा विषय आणखी एक वर्षच चालेल. यंदाचे नऊ विद्यार्थी शेवटचे.

हे त्याने मेधाला सांगितलं तेव्हा ती लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली होती, "होणारच होतं रे. नऊ मुलांसाठी कोण चालवेल?" तिला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. पण डॉकलंड्समधल्या बँकेच्या ऑफिसात तिची स्वतःची टीम अर्धी झाली होती, आणि अशा बातम्या ऐकायची तिला सवय होती.

घशाचं पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं असेल तर ते मुलीच्या, आणि तेही फोनवरून. शाल्मली कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होती, नोकरीचं दुसरंच वर्ष. खाणीच्या गावात, पर्थपासूनसुद्धा सहा तासांवर. एप्रिलच्या एका रविवारी तिने मध्येच त्याचं बोलणं तोडलं.

"बाबा, हाऊ लाँग हॅज युअर व्हॉइस बीन लाइक दॅट?"

"अगं, सर्दी आहे."

"दॅट्स नॉट अ कोल्ड. कान दुखतो का?"

त्याचा हात कानाकडे गेला. डावा कान दुखत होता, तीन आठवडे. त्याला वाटलं होतं ट्रेनमधल्या एसीमुळे असेल.

"मंडेला जीपीकडे जा. प्लीज. आय एम नॉट आस्किंग," शाल्मली म्हणाली.

पुढचं सगळं भराभर झालं. जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, मग स्पेशालिस्ट, नाकातून घातलेली कॅमेऱ्याची नळी, स्कॅन, बायॉप्सी. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी एका लहानशा खोलीत सर्जनने कागदावर चित्र काढून दाखवलं. स्वरयंत्रात कॅन्सर होता आणि तो कूर्चेपर्यंत पोचला होता. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. पुढे श्वास गळ्याला केलेल्या भोकातून. तारीख पाच जून. श्रीनाथने आयुष्यात सिगरेट ओढली नव्हती. त्याने तसं सांगितलंही, जणू ते ऐकून सर्जन कागद मागे घेईल. सर्जन म्हणाला, "कधीकधी होतं असं."

मेधाने तिथेच वहीत सगळं उतरवून घेतलं. घरी येताना गाडी तिने चालवली. वेरिबीची एक्झिट घेतली. सिग्नलला गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "निदान वेळेवर कळलं." त्याने मान हलवली.

हॉस्पिटलने अॅलिसन नावाची स्पीच थेरपिस्ट दिली होती. पन्नाशीची, सावकाश बोलणारी बाई. तिने सांगितलं की काही महिन्यांनी गळ्यात एक छोटी झडप बसवता येते आणि तिच्यातून बोलता येतं, पण सगळ्यांनाच ते जमतं असं नाही, आणि जमलं तरी तो आवाज वेगळा असतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी शक्य तेवढी वाक्यं स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून ठेवा. ती टॅबलेटमध्ये टाकू. बटण दाबलं की तुमचं वाक्य, तुमच्या आवाजात. इंग्रजीसाठी तिच्याकडे तयार यादी होती. मराठी तिच्या प्रोग्रॅममध्ये नव्हती.

"ती तुम्ही घरी करा," अॅलिसन म्हणाली. "पण रोज अर्धा तास. त्यापेक्षा जास्त नाही. बाकी दिवसभर पूर्ण विश्रांती. हा आवाज आता मोजकाच उरलाय, तो कशावर घालवायचा ते तुम्ही ठरवायचं."

मेधाने त्याच आठवड्यात मराठी यादी केली. वीस-बावीस वर्षं टेस्टिंग केलेली बाई ती. तिने एक्सेलची शीट उघडली, एकशे अठरा वाक्यं लिहिली आणि त्यांना तिच्या कामातल्यासारखे क्रम दिले. पी-वन म्हणजे तातडीची: 'श्वास घ्यायला त्रास होतोय', 'अँब्युलन्स बोलव', 'पाणी हवंय', 'नळी साफ करायची आहे'. पी-टू म्हणजे रोजची: 'मी फिरून येतो', 'दार लावलंस का', 'आज नको, उद्या'. पी-थ्री म्हणजे उरलेली. 'शाल्मू, जेवलीस का?' 'मेधा, ऐकतेस ना?' 'आजचं पिठलं फक्कड झालंय.' 'हसू नकोस.' पी-थ्रीमध्ये साठेक वाक्यं होती. क्रमाने वरून खाली जायचं असं ठरलं.

विभागप्रमुखांनी फोन करून सांगितलं, तू ताबडतोब रजा घे, उरलेल्या आठवड्यांसाठी आम्ही मुलांना ऑनलाइन मॉड्यूल देऊ. आठवा आठवडा चालू होता. चार वर्ग उरले होते. श्रीनाथने 'ठीक आहे' म्हटलं. नंतर त्याने ती ऑनलाइन मॉड्यूल उघडून पाहिली. स्लाइड्स होत्या, प्रत्येक स्लाइडखाली चार पर्यायांचे प्रश्न. वीरकाव्याच्या स्लाइडवर कुठल्याशा म्युझियममधल्या शिरस्त्राणाचा फोटो होता.

त्याने विभागप्रमुखांना उत्तर लिहिलं: डॉक्टर म्हणाले आहेत की वर्ग घेतले तर चालेल.

डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

मेधाला त्याने सांगितलं की पेपर तपासायचे आहेत, लायब्ररीत शांतता असते, बोलावं लागत नाही. दर गुरुवारी तो सकाळी ट्रेनने शहरात जायचा. वर्ग दोन तासांचा. नऊपैकी सात जण यायचे, आणि एक जण नाव न घातलेला: ग्रेग, निवृत्त ट्रॅम ड्रायव्हर, अडुसष्ट वर्षांचा. विद्यापीठाची परवानगी काढून नुसता ऐकायला बसायचा. श्रीनाथने त्यांना खरं काय ते सांगून टाकलं. एक मुलगी रडायला लागली. ग्रेग म्हणाला, "मग बोलू नकोस, मेट. आम्ही वाचू, तू ऐक."

"तसं नाही होणार," श्रीनाथ म्हणाला. "ऐकल्याशिवाय तुम्ही म्हणणार कसं?"

आणि तो म्हणू लागला. नवव्या आठवड्यात खरं तर मध्ययुगीन नाटकं घ्यायची होती, ती त्याने अर्ध्या तासात उरकली आणि मागे जाऊन पुन्हा जुन्या काव्यांकडे आला. पहिल्या आठवड्यांत घसा साथ देत नव्हता म्हणून राहून गेलेलं आता पुरं करू, असं त्याने मुलांना सांगितलं. सूर फाटत होता. खर्जातून एकदम वर उडायचा, मध्येच नुसती हवा निघायची. तो थांबायचा, घोट घ्यायचा, परत सुरू करायचा. ती शोकगीतं होती. ज्याचा सरदार मेला, ज्याचं दालन जळलं, आणि जो आता परक्यांच्या किनाऱ्याने भटकतोय अशा माणसांची. कुणाची ते कुणालाच माहीत नाही, कारण नावं राहिलेली नाहीत. फाटक्या आवाजात ती जास्त चांगली म्हटली जातायत हे त्याला जाणवलं, आणि त्या जाणिवेने त्याला भलताच आनंद झाला. परतीच्या ट्रेनमध्ये त्या आनंदाची लाज वाटली.

संध्याकाळी घरी मेधा मायक्रोफोन लावून बसलेली असायची. गुरुवारी रात्रीचं जेवण होण्याआधीच त्याच्या तोंडून शब्द फुटेनासे व्हायचे. शुक्रवारी घोगरा श्वास. शनिवार-रविवार थोडं सुधारायचं, तेव्हा चार-पाच वाक्यं व्हायची.

"'अँब्युलन्स बोलव.' परत म्हण, 'अँ' ऐकू येत नाहीये."

"अँब्युलन्स बोलव."

"परत."

मेधाला वाटत होतं की आजार झपाट्याने पुढे सरकतोय. तिने शाल्मलीला तसं कळवलं. शाल्मलीने हॉस्पिटलला फोन करून तारीख अलीकडे येते का विचारलं. येत नव्हती. हे सगळं श्रीनाथच्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि तो काही बोलत नव्हता. न बोलायला त्याला आता कारण होतंच.

दहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी तो फोन घरी विसरला. अकराच्या सुमाराला हॉस्पिटलचा त्यावर फोन आला: स्कॅनची वेळ आजच दुपारी दोनची मिळतेय, येऊ शकाल का? घरून काम करत असलेल्या मेधाने हो म्हटलं, फोन पर्समध्ये टाकला आणि ट्रेन पकडली. लायब्ररीत तो सापडला नाही. विभागाच्या ऑफिसातल्या मुलीने सहज सांगितलं, "ते वर्गात असतील. तिसरा मजला, डावीकडे."

दाराला काचेची उभी पट्टी होती. मेधा तिथे उभी राहिली. आत श्रीनाथ टेबलाच्या कडेवर बसला होता, डोळे मिटलेले, उजव्या हाताने ठेका. एकवीस वर्षांची मुलं पुढे झुकून ऐकत होती. त्याचा आवाज दारातून बाहेर येत होता, तुटत, घासत, पण येत होता. लग्नाला तीस वर्षं झाली, तिने त्याला कधी शिकवताना पाहिलं नव्हतं. पुण्यात तिची नोकरी, इथे तिची नोकरी. तिला एक शब्द कळला नाही. ती दहा मिनिटं तशीच उभी होती.

तेवढ्यात ग्रेग खोकत बाहेर आला, पाण्याच्या नळाकडे जायला. त्याने तिला पाहिलं. "तुम्ही मिसेस के? तुमचा नवरा म्हणजे ग्रेट माणूस आहे हो. असल्या आजारात एकही क्लास चुकवला नाही त्याने. दोन-दोन तास!"

"दोन-दोन तास," मेधा म्हणाली.

"दर गुरुवारी," ग्रेग म्हणाला, आणि तिचा चेहरा पाहून नळाकडे वळला.

स्कॅन झालं. हॉस्पिटलमध्ये ती नर्सशी, टेक्निशियनशी नीट बोलली, फॉर्म भरले. घरी आल्यावर तिने पर्स ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "किती झाली माहितीये? एकशे अठरापैकी?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"सत्तावीस. मी इथे मूर्खासारखी 'परत म्हण, परत म्हण' करत बसते. मला वाटत होतं तू खचत चाललायस. रात्री मी बाथरूममध्ये जाऊन रडत होते, श्रीनाथ. आणि तू आवाज तिकडे ओतून येत होतास."

"शेवटचे चार वर्ग होते," तो कुजबुजला.

"आणि माझं काय शेवटचं होतं? त्या मुलांना तू जूनमध्ये आठवणारही नाहीस!"

"आठवेन कदाचित."

तिने त्याच्याकडे पाहिलं. "हे खरं उत्तर झालं. तुला त्यांनी लक्षात ठेवायला हवंय. आम्ही काय, आम्ही ठेवणारच आहोत, असं ना?"

त्याला सांगायचं होतं. त्या खोलीत तो जो असतो तो दुसरीकडे कुठेच नसतो. गोदामात नव्हता, या घरातही नाही. घरात त्याचं बोलणं म्हणजे दूध संपलंय आणि कचऱ्याची बिन बाहेर ठेवायची आहे. आणि आता तिने त्याचीच यादी केली होती, 'दार लावलंस का', 'आज नको, उद्या'. तो म्हणजे एवढाच, हे मायक्रोफोनसमोर बसून पुन्हा पुन्हा म्हणायचं त्याच्या जिवावर येत होतं. पण हे सगळं बोलायला घशात जागा नव्हती. आणि ते बोलला असता तर ती किती दुखावली असती, हेही त्याला समजत होतं. तो एवढंच म्हणाला, "चुकलं माझं."

"बोलू नकोस आता," मेधा म्हणाली. "उगाच घालवू नकोस."

पुढच्या गुरुवारी तो गेला नाही. अकराव्या आठवड्याचा वर्ग ईमेलने रद्द केला आणि बाराव्याला, जमलं तर, येईन असं लिहिलं. शेवटच्या वर्गात रेनेसाँमधली सुनीतं घ्यायची होती. आठशे वर्षांत लोकांनी म्हणायचं सोडून वाचायला सुरुवात कशी केली, छापखाना आला आणि कविता एकट्याने, मनातल्या मनात वाचायची वस्तू कशी झाली, हे तो दरवर्षी त्या वर्गात सांगायचा. त्याची टिपणं तयार होती.

घरी दोघं रोज अर्धा तास बसू लागले. बोलणं कमीच होतं. मेधा वाक्य दाखवायची, तो म्हणायचा, ती हेडफोन लावून ऐकायची. बऱ्याचदा मान हलवून पुसून टाकायची. आराम करूनही आवाज परत येत नव्हता. शुक्रवारी एक वाक्य झालं, शनिवारी दोन, रविवारी एक. सत्तावीसची एकतीस झाली. पी-टूसुद्धा पुरं झालं नव्हतं.

"आपण खालची घेऊया का आधी?" रविवारी त्याने कागदावर लिहून विचारलं.

मेधा शीटकडे बघत राहिली. "उद्या घेऊ," ती म्हणाली. "आज तुला धाप लागलीये."

सोमवारी पहाटे साडेपाचला त्याला जाग आली ती श्वास घेताना होणाऱ्या शिट्टीने. हवा आत जात नव्हती. त्याने मेधाचा खांदा हलवला. तिने दिवा लावला, त्याचे ओठ पाहिले आणि तीन शून्य, हा इथला अँब्युलन्सचा नंबर, फिरवले. अँब्युलन्स नऊ मिनिटांत आली. त्या नऊ मिनिटांत तो पलंगाच्या कडेवर पुढे वाकून बसला होता आणि ती त्याच्या पाठीवर हात ठेवून "आली, आली" म्हणत होती. हॉस्पिटलमध्ये नेल्यावर थांबायला वेळ नव्हता. त्याच्या गळ्याला खालून छेद देऊन नळी बसवली गेली. त्या क्षणापासून हवा तोंडापर्यंत पोचायचीच बंद झाली. शेवटचं काय बोलला, ते ना त्याला आठवलं, ना मेधाला. बहुधा काहीच नाही. आदल्या रात्री तिने 'दुधाला विरजण लावू का' असं विचारलं होतं आणि त्याने 'हं' म्हटलं होतं.

मुख्य ऑपरेशन चार दिवसांनी झालं. शाल्मली पर्थमार्गे विमान बदलून आली आणि दहा दिवस राहिली. नळी कशी साफ करायची, कुठला रंग दिसला की घाबरायचं, हे तिने मेधाला बसवून शिकवलं. ती घरात डॉक्टरसारखीच वावरत होती. जायच्या आदल्या दिवशी दुपारी टॅबलेट घेऊन बाबाजवळ बसली आणि एकेक बटण दाबून पाहू लागली. 'पाणी हवंय.' 'दार लावलंस का.' 'उशी वर कर.' तिने यादी शेवटपर्यंत नेली, परत वर आणली.

"व्हेअर इज माय नेम?" तिने विचारलं.

मेधा दारात होती. "ते पी-थ्रीत होतं," ती म्हणाली. "मीच ठेवलं होतं खाली. मला वाटलं, आधी गरजेची होऊ देत."

शाल्मलीने टॅबलेट उलटा ठेवला. श्रीनाथने मुलीचा हात धरला. लिहून बोलण्यासाठी आणलेली पाटी समोरच पडली होती, पण त्याने ती उचलली नाही.

बारावा आठवडा झाला नाही. ग्रेगने नंतर पत्र पाठवलं, हाताने लिहिलेलं, पाकिटातून. मुलं त्या गुरुवारी वर्गात जमली होती. टिपणं कुणाकडे नव्हती, मग त्यांनी ज्याला जे येतं ते मोठ्याने म्हटलं. ठेका बरेचदा चुकला. पंचेचाळीस मिनिटांनी दुसऱ्या वर्गाची मुलं आली म्हणून उठावं लागलं. पत्रात शेवटी लिहिलं होतं, 'त्या दिवशी तुमच्या मिसेसना मी जे बोललो, ते बोलायला नको होतं का, हे मला अजून कळलेलं नाही.' श्रीनाथने पत्र मेधाला वाचायला दिलं. तिने वाचून घडी घातली. "त्याची काय चूक," म्हणाली.

जुलै-ऑगस्ट रेडिएशनमध्ये गेले. रोज सकाळी मेधा त्याला नेऊन सोडायची आणि गाडीत बसून ऑफिसच्या मीटिंगा करायची. तोंड आतून सोलवटलं, चव गेली, अकरा किलो वजन उतरलं. मेधाने सगळं केलं. कधी कुरकुर केली नाही, आणि कधी त्याच्याजवळ बसलीही नाही, कामाशिवाय. पाटीवर तो लिहायचा, ती वाचून उत्तर द्यायची. भांडायचं म्हटलं तरी आता एकाला लिहीपर्यंत दुसऱ्याला थांबावं लागे, आणि तेवढ्यात ते विझून जाई.

एकदा, ऑगस्टच्या अखेरीस, ती कपड्यांच्या घड्या करत असताना म्हणाली, "त्या दिवशी काय म्हणत होतास? दाराबाहेर मी होते तेव्हा."

त्याने पाटी घेतली, मग खाली ठेवून वही आणली. दोन दिवस लावून त्याने ते मराठीत उतरवून काढलं. एका बाईचा विलाप होता. नवरा समुद्रापार गेलेला, ती परक्या मुलखात एकटी. मेधाने ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. "तुला हे तेव्हा मला वाचून दाखवता आलं असतं," ती म्हणाली. "पुण्यात असतानाच."

त्याने लिहिलं: तू कामात असायचीस.

लिहून झाल्यावर त्याने ते पुसलं आणि लिहिलं: मला सुचलं नाही.

तिने दोन्ही वाचली होती.

नोव्हेंबरात झडप बसली. अॅलिसनने शिकवलं: श्वास घ्यायचा, अंगठ्याने गळ्यावरचं भोक दाबायचं आणि हवा वर ढकलायची. हॉस्पिटलमध्ये नुसते बुडबुडे आले. घरी तो एकटा सराव करत होता, आठ दिवस, मागच्या खोलीत दार लावून. नवव्या दिवशी दुपारी आवाज आला. जाडा, खरखरीत, एका पट्टीतला. त्यात चढ नव्हता, उतार नव्हता. त्याने एक ते दहा आकडे म्हटले. मग आणखी मोठ्याने म्हटले. मग अंगठा घट्ट दाबून त्याने हाक मारली, "मेधा."

बाहेर तिचे पाय वाजले. ती पुढच्या दाराकडे गेली. कुलूप उघडल्याचा, जाळीचं दार सरकल्याचा आवाज आला, आणि मग थोडा वेळ काहीच नाही.

"कोण आहे?" ती बाहेरच्या अंगणाकडे बघून विचारत होती.

श्रीनाथ खोलीतून बाहेर आला. ती वळली. त्याचा अंगठा अजून गळ्यावर होता. तिला समजायला क्षणभर लागलं.

"तू होतास?" ती म्हणाली.

"हो."

तो शब्द कानावर पडला तसा तिचा चेहरा मिटल्यासारखा झाला. तिने जाळीचं दार सावकाश ओढून घेतलं. "चहा टाकते," ती म्हणाली, आणि आत गेली. तो तिच्या मागोमाग गेला आणि ओट्याजवळच्या खुर्चीवर बसला.

आता तो बोलतो. फोनवर लोकांना दोनदा सांगावं लागतं, आणि तिकडून पुष्कळदा त्याला 'सर, तुमची लाइन खराब आहे' असं ऐकावं लागतं. विद्यापीठात त्याला दुसऱ्या विषयांचे पेपर तपासायला देतात, ते तो घरी बसून करतो. त्याच्या विषयाचं पान वेबसाइटवरून काढून टाकलंय. जुनी काव्यं त्याने झडपेच्या आवाजात एकदा म्हणून पाहिली. ठेका बरोबर पडत होता. चार ओळींनंतर तो थांबला, कारण पलीकडच्या खोलीत मेधाने टीव्हीचा आवाज कमी केला होता आणि ती ऐकत होती. तिने ऐकावं असं त्याला वाटलं की नाही, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज पुन्हा वाढला.